'अलबेला'तला ट्रंपेट कोणाचा? अण्णांची शैली म्हणायची की गोव्याची?

ग्रामोफोन
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकतो. गेल्या रविवारी चांगल्या हेडफोनवर १९५१ च्या 'अलबेला' या हिंदी सिनेमाची गाणी सलग ऐकली. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली असतील पण रेडिओवर किंवा कुणाच्या तरी लग्नातल्या भोंग्यावर, त्यामुळे लता आणि चितळकरांचा (म्हणजे गायक म्हणून सी. रामचंद्रांचाच) आवाज एवढंच कानात बसलेलं. यावेळी पहिल्यांदाच आवाज बाजूला ठेवून मागचं ऐकलं आणि थक्क झालो. 'शोला जो भडके' मध्ये तो बाँगो, तो सॅक्सोफोन, ट्रंपेट. 'दीवाना परवाना' मध्ये तर अख्खा बँडच गाण्यात उतरलाय. १९५१ साली दादर-परळमध्ये बसून ही माणसं क्यूबाचा ताल वाजवत होती?

आपण याला 'सी. रामचंद्रांची शैली' म्हणतो. अण्णा माझं दैवत आहेत, पुणतांब्याचा माणूस, पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला. मग हा ट्रंपेट त्यांच्या गाण्यात आला कुठून? कोण वाजवत होतं? रेकॉर्डच्या कव्हरवर तर एकाही वादकाचं नाव नाही. जाणकारांनी सांगावं.

तिसरी_घंटा
चिक चॉकलेट. धागा संपला :)

ग्रामोफोन
तिसरी घंटा, एवढ्यावर नाही सुटायचं, सविस्तर लिहा.

तिसरी_घंटा
बरं बसून लिहितो. चिक चॉकलेट म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं आल्दोना, बार्देस. मुंबईत हॉटेलांतून जॅझ वाजवायचे, लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'दीवाना परवाना' आता पडद्यावर बघा नुसतं ऐकू नका. मागे झालरीचे शर्ट घालून जो बँड उभा आहे तो खुद्द चिक यांचाच. सिनेमात वादक सहसा दिसत नाहीत, इथे दिसतात, म्हणून तो तुकडा मी पुन्हा पुन्हा बघतो. ते अण्णांचे सहायक होते, फक्त वाजवायला बोलावलेले नव्हते. १९६७ साली गेले, वय पन्नासच्या आसपास.

आता ते जॅझ शिकले कुठे? १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा अमेरिकन कृष्णवर्णीय कलाकार आपला बँड घेऊन ताजमध्ये वाजवायला आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड. ही मंडळी अव्वल दर्जाची होती आणि त्यांच्या बँडमध्ये हळूहळू गोव्याचे पोरगे शिरले. बाजूला बसून शिकले. मिकी कोरियांचा बँड १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये होता, म्हणजे एकवीस वर्षं! संध्याकाळी हॉटेल आणि दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग असा कित्येकांचा दिनक्रम.

सदाशिव_पेठ
माहिती उत्तम, पण मला धाग्याच्या शीर्षकावरच हरकत आहे. गाण्याची शैली चालीत असते, वाद्यांत नाही. 'अनारकली'तलं 'ये जिंदगी उसी की है' घ्या, भीमपलास. त्यातले सगळे व्हायोलिन काढून टाका, नुसत्या तंबोऱ्यावर गा, गाणं उभं राहतं. 'धीरे से आजा री अखियन में' घ्या, ती अंगाई कुठल्याही आजीने पाळण्याशी म्हणावी. हे अण्णांचं. ट्रंपेट वाजवणारा दुसरा मिळाला असता, 'अनारकली'ची चाल बांधणारा दुसरा नसता मिळाला. अलीकडे सगळं श्रेय अरेंजरला द्यायची जी लाट आलीये ती मला पटत नाही.

मांडवीकाठ
सदाशिव पेठ, तुमचं अर्धं मान्य. चाल अण्णांचीच. पण 'ट्रंपेट वाजवणारा दुसरा मिळाला असता' हे वाक्य काळजाला लागलं म्हणून लिहिते.

मी दिवाडीची, सध्या पणजीत असते. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून शाळा असायची आणि तिथे मेस्त, म्हणजे चर्चच्या गायनवृंदाचा मास्तर, मुलांना संगीत शिकवायचा. आधी सोल्फा, म्हणजे कागदावरचे सूर बघून तोंडाने म्हणायचे. ते पक्कं झाल्याशिवाय व्हायोलिनला हात लावू द्यायचे नाहीत. माझे आजोबा तिथेच शिकले, ते सांगायचे की सूर चुकला की मेस्त कमानीची काठी बोटांवर मारायचा. फुकट शिक्षण होतं आणि गरीब घरातल्या मुलांना तेच पोटापाण्याचं साधन झालं. गोव्यात काम नव्हतं. बोटीवर जा, पोलीस किंवा लष्कराच्या बँडमध्ये जा, किंवा मुंबईला जा.

मुंबईत धोबीतलावला जेर महाल इमारतीत आणि आसपास आमच्या गावांच्या कुडी होत्या. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहायची जागा, खाटेला खाट नाही, भिंतीला लागून प्रत्येकाची एक पेटी, कोपऱ्यात देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचं. आजोबा तिथे चार वर्षं होते. ते मोठे वादक नव्हते, व्हायोलिनच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसणारे. पण कागद समोर ठेवला की पहिल्या नजरेत वाजवायचे, चूक नाही. असा माणूस तेव्हा मुंबईत दुसरीकडे मिळत नव्हता, हे म्हणायचंय मला.

सदाशिव_पेठ
मांडवीकाठ, माझे शब्द कठोर झाले, ते मागे घेतो. मुद्दा तुमच्या आजोबांना कमी लेखायचा नव्हता. कूड हा प्रकार मला माहीतच नव्हता.

नागपुरी_संत्रं
मला एक बेसिक शंका आहे, हसू नका. अरेंजर नेमकं करतो काय? संगीतकार चाल देतो, गायक गातो, मग याचं काम काय उरतं?

तिसरी_घंटा
कुणी हसत नाही, हाच तर कळीचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो. आपले संगीतकार पेटी घेऊन बसायचे, चाल बांधायचे, ती त्यांच्या डोक्यात किंवा फार तर सारेगम करून वहीत. आता समोर तीस-चाळीस वादक बसलेत. पहिल्या व्हायोलिनने काय वाजवायचं, दुसऱ्याने काय, चेलोने कुठे धरायचं, मुखड्यानंतर अंतऱ्यापर्यंत पोचायला मधला तुकडा कसा, गायिका सूर लांबवते तेव्हा मागे बासरी कुठून डोकवायची. हे सगळं ठरवून प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहायचा, त्याला पार्ट म्हणतात. हे अरेंजरचं काम. कधी मधले तुकडे संगीतकार स्वतः गुणगुणून सांगायचा, कधी 'इथे काहीतरी भर' एवढंच सांगायचा. प्रत्येक जोडीचं वेगळं, त्यामुळे सरसकट विधान करता येत नाही.

आणि तेव्हा सगळं एकदम रेकॉर्ड व्हायचं. गायक, कोरस, वादक सगळे एकाच हॉलमध्ये, मोजके माइक. शेवटच्या ओळीला कुणाचा सूर घसरला की पहिल्यापासून. म्हणून कागद बघून बिनचूक वाजवणाऱ्याला एवढी किंमत.

ढोलकीवाला
सेबॅस्टियन डिसूझांचं नाव अजून कसं नाही आलं??

तिसरी_घंटा
तुमचीच वाट बघत होतो ढोलकीदादा, लिहा.

ढोलकीवाला
सेबॅस्टियन मूळचे गोव्याचेच, फाळणीच्या आधी लाहोरला हॉटेलात त्यांचा बँड होता, ओ. पी. नय्यरही लाहोरचे, तिथूनची ओळख. फाळणी झाली, सगळं सोडून मुंबईला आले आणि मग शंकर-जयकिशनकडे जवळजवळ दोन दशकं अरेंजर. शंकर-जयकिशनचं कुठलंही भव्य गाणं आठवा, मागे व्हायोलिनचा जो समुद्र आहे तो त्यांनी कागदावर लिहिलेला. 'आ अब लौट चलें' ऐका. मुकेश साधी सरळ ओळ गातो आणि मागे व्हायोलिन वर चढतात, कोरस येतो, लताबाईंचा आलाप येतो, अंगावर काटा येतोच. गायकाच्या चालीला समांतर दुसरी चाल मागून चालवायची ही त्यांची खासियत, दोन माणसं शेजारून चालल्यासारखी, एकाच वाटेने पण पावलं वेगळी.

पण मला इथे एक भांडण काढायचंय. सगळे व्हायोलिन-ट्रंपेटवर बोलताय, ठेक्याचं काय? शंकर-जयकिशनकडेच दत्ताराम वाडकर होते. तेही गोव्याचेच. ढोलकीवरचा तो ठेका आजही वादक 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखतात, सिटिंगला गेलं की कुणीतरी म्हणतंच 'दत्ताराम लाव'. वाद्याच्या ठेक्याला वाजवणाऱ्याचं नाव मिळालं असं आणखी किती जणांचं झालंय? ते स्वतः संगीतकारही होते, १९५८ च्या 'परवरिश' मधलं 'आंसू भरी हैं' त्यांचं. तेव्हा गोवा म्हणजे फक्त चर्च आणि व्हायोलिन असं नको, देवळातला आणि जत्रेतला गोवाही त्या स्टुडिओत होता.

मांडवीकाठ
१००% सहमत. देव बरें करूं. आणि घुमट विसरू नका, ते तर दोन्हीकडे आहे. मांडो, म्हणजे ख्रिस्ती घरांतलं आमचं जुनं कोंकणी गाणं, गाताना व्हायोलिनबरोबर घुमट आणि चतुर्थीला हिंदू घरांत घुमट-आरती, सोबत शामेळ आणि झांज. मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं, एका तोंडाला कातडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्याने बंद झालं, आता बोकडाचं लावतात. जुने लोक म्हणतात घोरपडीच्या कातड्याचा तो आवाज येत नाही पण घोरपडीचा जीव वाचला ते बरंच झालं.

चहा_बिस्कीट
'इना मीना डीका' (१९५७ चा सिनेमा 'आशा') मध्ये मध्येच 'माका नाका' येतं ते कोंकणी आहे हे कुणी सांगितलं का? अण्णांच्या म्युझिक रूमबाहेर पोरं 'इनी मिनी' करत खेळत होती त्यावरून गाणं सुचलं आणि त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी त्यात 'माका नाका' घातलं अशी गोष्ट सांगतात. माका नाका म्हणजे मला नको. आमच्या घरी कारल्याची भाजी झाली की लेक हेच गाणं म्हणत फिरते.

नागपुरी_संत्रं
हे वाचून आत्ता लगेच ऐकलं. चाळीस वर्षं ते निरर्थक शब्द समजत होतो!!!

जुनं_ते_सोनं
सर्वांचं वाचतोय, फार छान धागा. थोडी दुसरी बाजू मांडतो. फक्त गोव्याच्या लोकांनाच नोटेशन येत होतं असं चित्र उभं राहतंय, ते पूर्ण खरं नाही. पंडित रामप्रसाद शर्मा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे वडील, स्वतः ट्रंपेटवादक, लोक बाबाजी म्हणायचे. त्यांनी कितीतरी मुलांना नोटेशन शिकवलं. कावस लॉर्ड पारशी, तालवाद्यांचे बादशहा, त्यांची दोन्ही मुलं केर्सी आणि बुर्जोर याच क्षेत्रात. अ‍ॅकॉर्डियनवाले गुडी सिरवई पारशी. मनोहारी सिंग सॅक्सोफोनवाले नेपाळी घराण्यातले. आपले पुण्याचे एनॉक डॅनियल्स. मुंबईचा स्टुडिओ म्हणजे सगळ्या जातीधर्माच्या लोकांनी खांद्याला खांदा लावून बसायची जागा होती, त्यातला मोठा गट गोव्याचा होता एवढंच.

मात्र प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. आर. डी. सुद्धा त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधलं ते गाणं सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातलं नाव खऱ्या माणसाचं आहे आणि ती एका शिष्याची गुरुदक्षिणा आहे हे कित्येकांना ठाऊक नसतं.

ग्रामोफोन
हे मला माहीत होतं पण अँथनी गोन्साल्विस यांनी पुढे काय केलं ते माहीत नाही. कुणी सांगेल?

जुनं_ते_सोनं
माजोर्ड्याचे, गोव्यातल्या सासष्टीतले, जन्म १९२७. त्यांचा ध्यास असा होता की राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची गाठ घालायची, आणि तीही सिनेमाच्या तीन मिनिटांत नाही, स्वतंत्र रचना करून. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, शंभराहून जास्त वादक, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. विचार करा, दिवसभर स्टुडिओत लोकांच्या चाली वाजवायच्या आणि रात्री जागून स्वतःच्या रचनेचे शंभर पार्ट लिहायचे. १९६५ ला ते अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परत आले ते गोव्यात गावीच राहिले, पुन्हा सिनेमाकडे वळले नाहीत. २०१२ मध्ये गेले. गाणं गाजलं तेव्हा ते मुंबईच्या धंद्यातून केव्हाच बाहेर पडलेले होते.

माझ्या मते ते करू बघत होते तेच या धाग्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. दोन्ही शिक्षणं एका माणसात आली तर काय होतं, ते.

व्हायोलिनची_आई
मी इथे सहसा फक्त वाचते. विषयाशी थोडं जुळतंय म्हणून विचारते, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, व्हायोलिन शिकतेय दीड वर्ष. सध्याच्या बाई रागसंगीत शिकवतात, मांडी घालून, सगळं कानाने. दुसऱ्या एका क्लासमध्ये उभं राहून, कागद वाचून, परीक्षा वगैरे. घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात आपलं आधी पक्कं होऊ दे, मिस्टर म्हणतात वाचता आलं पाहिजे. तुम्ही काय म्हणाल?

सदाशिव_पेठ
सासूबाईंचं ऐका. कान तयार झाला की कागद सहा महिन्यांत येतो, उलट होत नाही.

मांडवीकाठ
उलटही होतं हो! आजोबा कागदावरून शिकले आणि म्हातारपणी रेडिओवरचं भावगीत ऐकून पाठोपाठ वाजवायचे. ताई, मुलीला दोन्ही शिकवा, पण एकाच वेळी दोन गुरू नकोत, धरायची पद्धत वेगळी असते, खांदा आणि मान दोन्ही गोंधळतात. एक दोनेक वर्षं पक्कं करा मग दुसरं.

व्हायोलिनची_आई
मान्य, हे पटलं. मानेचं तिचं आत्ताच दुखतं कधीकधी, बाईंना विचारते.

स्विंडनकर
उशिरा आलो. मी गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये स्विंडनला, इथे गोव्याचे लोक भरपूर. शेजारी राहणारं कुटुंब केपे तालुक्यातलं. त्यांच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो, रात्री दहा वाजता लोर्नाचं 'बेबदो' लागलं आणि सत्तरीच्या आज्या खुर्च्यांवरून उठून नाचायला लागल्या. चा-चा-चा! पावलं अशी बरोब्बर की बघत राहावं. मला कोंकणी कळते थोडी, बेबदो म्हणजे दारुडा, त्या दारुड्याचं गाणं लावून अख्खं लग्न नाचतंय :)

तर माझा प्रश्न, हे कोंकणी पॉप आणि सिनेमाचं संगीत यांचा संबंध काय? का वेगवेगळे लोक?

मांडवीकाठ
तेच लोक! ख्रिस पेरी, मडगावचे, जन्म १९२८, ट्रंपेट, सॅक्सोफोन सगळं वाजवायचे. मुंबईत चर्चगेटच्या क्लबांमध्ये जॅझ, आणि मग कोंकणी गाणी, त्यांना चा-चा-चाचे राजे म्हणायचे. लोर्ना कोर्देरो त्यांच्या बँडची गायिका. तो आवाज! जाडसर, मोकळा, ओळीच्या शेवटी झटका. 'पिसो', 'लिस्बोआ', 'नाचोंया कुंपासार'. कुंपासार म्हणजे तालावर, चला तालावर नाचूया.

तिआत्राचं, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाचं, गाणं, मांडोचा दर्द आणि क्लबातला लॅटिन ताल हे सगळं त्या दोघांनी एकत्र आणलं. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला दुसऱ्याची चाल वाजवायची, इथे आपली भाषा, आपली माणसं, आपलं दुःख. दोघांची वाट पुढे वेगळी झाली आणि लोर्ना कित्येक वर्षं गायल्याच नाहीत. १९९५ साली पुन्हा मंचावर आल्या. आई तेव्हा ऐकायला गेली होती, ती म्हणते पहिला सूर लागला आणि मिरामारला लोक रडत होते. २०१४ साली त्यांच्या गाण्यांवर 'नाचोंया कुंपासार' नावाचा कोंकणी सिनेमा आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. जरूर बघा.

फ्रँक फर्नांड यांचंही सांगते. कुडचड्याचे, ट्रंपेटवादक, टेडी वेदरफोर्डच्या बँडमध्ये वाजवलेले, हिंदी संगीतकारांचे सहायक. पण मनात कोंकणी. १९६३ ला 'आमचें नशीब' आणि १९६६ ला 'निर्मोण' हे दोन कोंकणी सिनेमे त्यांनी काढले. 'निर्मोण'चा पुढे हिंदीत 'तकदीर' झाला.

ढोलकीवाला
वा. म्हणजे दुसऱ्यांच्या सिनेमात वाजवून कमावलेले पैसे आपल्या भाषेच्या सिनेमात घातले.

दुपारची_झोप
मी बँडवाला. म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट, सतरा वर्षं वाजवला, सातारा जिल्ह्यात. आता पेठेत दुकान आहे. आम्हाला कागद नाही की काही नाही, उस्ताद तोंडाने म्हणून दाखवायचे तसं वाजवायचं. 'शोला जो भडके' आम्ही वरातीत वाजवायचो, घोड्यापुढे, रस्ता खराब, ओठ फुटलेले, थंडीत ट्रंपेटचा ओठाला लावायचा भाग बर्फ झालेला. कधी मनात आलं नाही हे पहिल्यांदा वाजवलं कुणी. हॉलमध्ये बसून वाजवणाऱ्याच्या ओठाला पण रात्री तसंच रक्त येत असणार. आज नाव कळलं. चिक चॉकलेट. लिहून ठेवलं.

ग्रामोफोन
तुमची पोस्ट तीन वेळा वाचली. धन्यवाद.

सदाशिव_पेठ
दुपारची झोप, नमस्कार घ्या माझा.

चहा_बिस्कीट
एक कडू गोष्ट सांगू का. आमच्या शेजारी एक काका राहायचे, चेलो वाजवायचे, ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओत तीस वर्षं. ८० च्या दशकात सिंथेसायझर आला, एका माणसाच्या दोन हातांत चाळीस व्हायोलिन. बोलावणी कमी होत होत बंद झाली. जुन्या गाण्यांच्या सीडी निघाल्या, नंतर मोबाइलवर आली, त्यांना कधी एक रुपया आला नाही, कारण दिवसाच्या पाळीचे पैसे घेतले की हिशेब संपला असा तेव्हाचा रिवाज. पण पैशाचं त्यांना एवढं नव्हतं. टीव्हीवर एखादं गाणं लागलं की बायकोला म्हणायचे, 'हा चेलो मी'. बायको म्हणायची 'हो माहितीये', आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन गाणं संपेपर्यंत उभी राहायची. बस एवढंच.

तिसरी_घंटा
हे वाचून गलबललो.

जुनं_ते_सोनं
मराठी गाण्यांच्या बाबतीतही हेच आहे, आपण स्वतःच्या घरात बघूया. अनिल मोहिले, व्हायोलिनवादक आणि अरेंजर, किती मराठी-हिंदी गाण्यांचा वाद्यमेळ त्यांनी बांधला असेल. अरुण पौडवाल, अ‍ॅकॉर्डियनवादक, सचिनदेव बर्मनांचे सहायक. दोघांनी 'अनिल-अरुण' म्हणून मराठी सिनेमांना संगीत दिलं म्हणून निदान नावं माहीत आहेत. पण भावगीताच्या कार्यक्रमात निवेदक कवी सांगतो, संगीतकार सांगतो, गायक सांगतो, वाद्यमेळ कोणाचा हे सांगत नाही. आम्ही आमच्या गावच्या वाचनालयातल्या कार्यक्रमात गेल्या दिवाळीपासून सांगायला लागलो, जिथे पक्कं माहीत आहे तिथे. प्रेक्षक कान देऊन ऐकतात.

सदाशिव_पेठ
दोन दिवस विचार करून परत मूळ प्रश्नावर येतो. माझं मत थोडं सरकलं. 'धीरे से आजा' तंबोऱ्यावर उभं राहतं हे अजूनही म्हणतो. पण 'शोला जो भडके' तंबोऱ्यावर गाऊन बघितलं, घरात कुणी नसताना. नाही राहत उभं. मुखड्याच्या ओळी इतक्या छोट्या आहेत की मधली जागा ठेक्याने आणि ब्रासने (ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांनी) भरायची हे धरूनच चाल बांधलेली आहे. म्हणजे अण्णांनी चाल बांधली तेव्हाच त्यांच्या कानात ती माणसं वाजत होती. यात अण्णांचा मोठेपणा कमी होत नाही, उलट भीमपलास जाणणाऱ्या माणसाने शेजारी बसलेल्या ट्रंपेटवाल्याकडून एवढं घेतलं हा मोठेपणाच. १९४७ च्या 'शहनाई'त 'संडे के संडे' मध्ये गिटार, माउथ ऑर्गन आणि सॅक्सोफोन आणले तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली असतील, आमच्या आजोबांनी नक्की मुरडली होती.

तेव्हा ग्रामोफोन, माझ्यापुरतं उत्तर: शैली अण्णांची, पण 'अण्णा' म्हणताना त्या खोलीतले सगळे धरायचे.

ग्रामोफोन
सदाशिव पेठ, याहून चांगलं उत्तर मला नको होतं.

एक करून बघितलंय ते सांगतो. माझा भाचा शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, आठवीत आहे. काल त्याला 'शोला जो भडके' मधला एक छोटा तुकडा ऐकवला आणि म्हटलं उतरवून काढ. दोन तास बसला. कागदावर चार ओळी झाल्या, एका जागी अडलाय, तिथे सूर घसरत घसरत खाली येतो तो कसा लिहायचा त्याला कळत नाहीये. वाजवता येतो पण लिहिता येत नाही म्हणतो. कागदावर वर मी त्याला नाव लिहायला सांगितलं, त्याने 'सी. रामचंद्र' लिहिलं आणि खाली 'ट्रंपेट: चिक चॉकलेट'.

तो घसरता सूर कसा लिहितात कुणाला माहीत आहे का?

मांडवीकाठ
पहिल्या सुरापासून दुसऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढायची. आजोबांच्या वहीत पानोपानी आहे. उद्या फोटो काढून टाकते.

दुपारची_झोप
भाच्याला सांगा आधी ओठ सैल सोडायचा, मग बोट. रेघ नंतर.